पाड्यावरचा फोन बंद पडतो तेव्हा



गेल्या काही अंकांपासून आमच्या गरजांच्या यादीत ब्लँकेटे, वह्या आणि डाळ-तांदूळ यांच्या खाली दोन नव्या ओळी येऊ लागल्या आहेत: ‘चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन’ आणि ‘वसतिगृहाच्या इंटरनेटचा मासिक खर्च’. त्यावर काही वडीलधाऱ्या वाचकांनी विचारणा केली. कोणी आडून, कोणी सरळ. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची चिंता, त्या घरात मोबाइल कशाला? आणि मुलांच्या हातात इंटरनेट देऊन आपण त्यांचे भले करतो आहोत का? प्रश्न आपुलकीने विचारलेला आहे आणि रास्तही आहे, म्हणून या वेळी त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. शेवटी फोन देताना काय पाहावे तेही लिहिले आहे. ज्यांना तेवढेच हवे असेल त्यांनी थेट तिथे जावे, आमची तक्रार नाही.

शहरात घरी वाय-फाय असते, घरातल्या प्रत्येकाकडे एकेक फोन असतो, बँक कोपऱ्यावर असते. एक फोन बिघडला तर दोन दिवस गैरसोय होते, इतकेच. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर मात्र अजून पुष्कळ घरांत मिळून एकच ‘टच’वाला फोन असतो. तो कोणी हौसेने घेतलेला नसतो. बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊन आणलेल्या पैशातून घेतलेला असतो. तो घराचा टेलिफोन असतो आणि इंटरनेटही त्याच्यातूनच येते. बँकेचे पासबुकही तोच आणि सरकारदरबारी ‘मी मीच आहे’ हे सांगणारा साक्षीदारही तोच. फोन दगडावर पडून बंद झाला की ही चारही कामे एकदम थांबतात.

यातला साक्षीदाराचा भाग शहरातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो जरा उलगडून सांगतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. म्हणजे संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो, तो भरायचा. त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकून त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही भरायचा. नंदुरबार शहरात हे पाच मिनिटांचे काम आहे. पाड्यावर त्यासाठी आधी रेंज लागते, मग चालू फोन लागतो, मग त्या फोनमध्ये जिवंत सिम लागते, आणि ते सिम आधारला जोडलेल्या क्रमांकाचेच असावे लागते. या चारांपैकी एक जरी कमी पडले तरी ती बाई पात्र असूनही अडकते. तिला कोणी नाकारलेले नसते. फक्त तिच्यापर्यंत आकडे पोहोचत नाहीत.

हीच गोष्ट महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची आणि रेशनकार्डावरच्या ई-केवायसीची. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणे सक्तीचे झाले. तेव्हा कामावरच्या मेटचा फोन बंद पडला की केवळ त्याचाच नव्हे, सबंध गटाचा खाडा पडायची भीती. अंगणवाडी ताईंचे काम तर २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर आले. सरकारने दिलेले फोन त्या अ‍ॅपला पुरत नाहीत, सारखे अडकतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी, म्हणून त्या वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत करून आंदोलन केले होते. ज्यांना वाटते की मोबाइल ही आदिवासी भागातली चैन आहे, त्यांनी तो प्रसंग आठवावा. फोन कोणी मागितला नव्हता, कामच फोनमध्ये नेऊन ठेवले गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फोन फुटला तर फोन वाचवण्याआधी क्रमांक वाचवा, हे आमचे कार्यकर्ते पाड्यावर सगळ्यांना पहिल्यांदा सांगतात. फोनची किंमत काही हजारांत आहे, पण क्रमांक गेला तर तो पुन्हा बसवायला महिने जातात. गंमत अशी की लोक फोन जपून ठेवतात आणि सिम विसरतात. फुटलेला फोन फडक्यात गुंडाळून कोठीच्या मागे ठेवलेला असतो, ‘शहाद्याला जाऊ तेव्हा दुरुस्त करू’ म्हणून. सिम त्याच्या पोटातच. तिकडे दिवस मोजले जात असतात.

दूरसंचार नियामकाचा नियम असा आहे की प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, म्हणजे फोन नाही, संदेश नाही, इंटरनेट नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. हे हिशेब सातपुड्याच्या वर्षाशी लावून पाहा. दिवाळीनंतर माणसे तोडीला जातात आणि होळीला घरी येतात. मधे चार महिने. फोन जाताना ट्रॅक्टरमध्येच फुटला असेल तर होळीपर्यंत ९० दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. पुढे काही काळाने तोच क्रमांक कंपनी दुसऱ्या कोणाला देते. मग या घरचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो आणि बँकेत, आधारमध्ये, गॅसच्या वहीत मात्र जुनाच क्रमांक लिहिलेला राहतो.

उपाय साधा आहे. फोन फुटल्या दिवशीच सिम काढायचे आणि कोणाच्याही चालू फोनमध्ये घालायचे. भावाच्या, शेजाऱ्याच्या, मुकादमाच्या, कोणाच्याही. साधा बटणवाला फोनही ओटीपीला पुरतो, कारण ओटीपी हा साधा संदेश असतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इथे एक पथ्य आहे. जिओचे जाळे मुळात फोर-जीपासूनच सुरू झालेले आहे, म्हणून त्या सिमला टू-जीचा जुना बटणफोन चालत नाही, फोर-जीचा बटणफोन लागतो. एअरटेल आणि व्हीआय यांचे टू-जी अजून चालू आहे, त्यामुळे तिथे जुना फोनही भागवतो. आणि रिचार्ज संपू द्यायचा नाही. मुदत संपली की आधी बाहेर जाणारे फोन थांबतात, आणि काही दिवसांनी येणारे फोन आणि संदेशही थांबतात. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि संदेशांचे, इंटरनेट नसलेले रिचार्ज ठेवायला लावले. पुढच्याच महिन्यात ते बाजारात आले. ज्यांना क्रमांक फक्त जिवंत ठेवायचा आहे त्यांनी दुकानदाराकडे तेच मागावे. दुकानदार आपण होऊन ते क्वचितच सुचवतो.

सिमच हरवले किंवा तुटले तर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळते. आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचे. पण सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावे लागते, आणि पाड्यांवरची खरी गाठ इथे आहे. सिम घेताना ज्याचे आधार जवळ होते त्याच्या नावावर ते घेतलेले असते. सुरतेला गेलेल्या पुतण्याच्या, नाहीतर गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्याच्या. म्हणून फोन चांगला असतानाच सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, असा आम्ही आग्रह धरतो. आपल्या आधारवर कोणकोणती सिमे चालू आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. ही सोय मे २०२३ मध्ये सुरू झाली. कधी कधी तिथे ओळखीचे नसलेले क्रमांकही दिसतात. ते तिथूनच कळवून बंद करता येतात.

नवे सिम मिळाल्यावर पहिले २४ तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून पैसे पळवणाऱ्यांना अटकाव म्हणून ही तजवीज केलेली आहे. हे माहीत नसले की माणूस त्याच दिवशी पुन्हा दुकानात जातो, ‘सिम खराब दिले’ म्हणून भांडतो, आणि घाट चढून परत येतो. एक दिवस थांबले की काम होते. क्रमांक कायमचा गेलाच असेल तर नवा क्रमांक आधारला जोडून घ्यावा. त्यासाठी आधार केंद्रात बोटांचा ठसा द्यावा लागतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही जुलै २०२१ पासून हे काम दारात करून देतात. आमच्या भागात सगळ्यांत उपयोगी पडलेली माहिती कोणती असेल तर ही. पोस्टमनदादा पाड्यावर ओळखीचे असतात आणि बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

हे सगळे चालू असताना ‘मी करून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात. बहुतेक भली असतात, सगळीच नसतात. ओटीपी सांगायचा तो समोर बसून, स्वतःच्या डोळ्यांसमोर भरला जाताना. फोनवरून कोणालाच नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन, तक्रारीची प्रत जोडून ‘संचार साथी’वर तो फोन बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. आमच्या वसतिगृहातल्या मुलांना आम्ही तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगितला आहे. फोन हरवल्यावर तो फोनवर पाहता येत नाही, हे मुलांना सांगितले की मुले हसतात, पण लिहून ठेवतात.

आता फोनच्या शरीराविषयी. सातपुड्यात फोन मरतो तो बहुतेक पाण्याने, नाहीतर चार्जिंगने. आषाढ-श्रावणात पागोळ्या गळतात, नदी ओलांडताना खिसा भिजतो. भिजलेला फोन चालू होतो का हे बघण्याचा मोह आवरत नाही, आणि तिथेच तो जातो. पाण्याने नव्हे, पाणी असताना वीज खेळल्याने. फोन लगेच बंद करायचा, सिम काढायचे, फडक्याने टिपायचा, चार्जिंगचे तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि वाऱ्यावर, सावलीत एक-दोन दिवस ठेवायचा. चार्जरला लावायचा नाही. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण त्याने तांदळाचे कण आणि पीठ चार्जिंगच्या भोकात जाते. अ‍ॅपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तांदूळ वापरू नका असे स्पष्टच सांगितले. चुलीवर शेकणे तर नकोच. उष्णतेने बॅटरी फुगते.

फुगलेली बॅटरी हा गमतीचा विषय नाही. फोनची पाठ उचलली गेली, काच कडेने सुटू लागली, तर तो फोन वापरायचा नाही, चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा नाही आणि टोकदार वस्तूने उघडायचा तर मुळीच नाही. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. असा फोन घराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवावा आणि दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्यावा. बॅटऱ्या अशा लवकर खराब होण्याचे एक कारण म्हणजे सौर पॅनेलला सरळ तारा जोडून केलेले चार्जिंग. ढग आला-गेला की दाब वर-खाली होतो. मधे पाच व्होल्टचा नियंत्रक लावला की हा त्रास मिटतो. बाजारात तो गाडीच्या चार्जरच्या रूपात मिळतो आणि बारा व्होल्टच्या सौर बॅटरीवर छान चालतो.

पडून काच तडकली, चित्र दिसते पण बोट लावून काही होत नाही, अशा वेळी एक युक्ती कामाला येते. ओटीजी नावाची छोटी जोडणी मिळते. ती लावून संगणकाचा साधा माउस बहुतेक अँड्रॉइड फोनला जोडता येतो. पडद्यावर बाण दिसू लागतो आणि त्याने फोन उघडून फोटो, क्रमांक, कागदपत्रे बाहेर काढता येतात. एका मुलाचे दहावीचे गुणपत्रक, जातीचा दाखला, सगळे फुटक्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलेले होते आणि प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वसतिगृहाच्या संगणकाचा माउस काढून लावला आणि अर्ध्या तासात कागद हाती आले. तेव्हापासून ती जोडणी कार्यालयाच्या खणात कायम असते.

एवढे सगळे एका फोनवर टांगलेले असते म्हणूनच घराचे इंटरनेट फोनपासून वेगळे करावे असे आम्हाला वाटू लागले. पूर्वी वसतिगृहात रेक्टर सरांच्या फोनचा हॉटस्पॉट हेच इंटरनेट होते. सर गावाला गेले की इंटरनेट गावाला जाई. फोन दुरुस्तीला गेला की अर्ज भरणे थांबे.

मग ‘सरकारने तर गावोगावी फायबर नेले ना?’ असे विचारले जाते. नेले आहे, पण ते कुठपर्यंत, हे समजून घ्यायला हवे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ती ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत जोडणी देण्याची योजना होती. मैदानी प्रदेशात ग्रामपंचायत म्हणजे गाव. इथे एका ग्रामपंचायतीचे पाडे चार डोंगरांवर विखुरलेले असतात. शिवाय चांदसैली घाटात दरड कोसळली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचे दात लागले की तार तुटते. दुसरीकडे, जिथे फोर-जी पोहोचलेच नव्हते अशा २४,६८० गावांसाठी टॉवर उभारायची २६,३१६ कोटी रुपयांची योजना जुलै २०२२ मध्ये मंजूर झाली आणि ते काम बीएसएनएलकडे दिले गेले. आमच्या डोंगरांच्या दृष्टीने ही दुसरी वाट अधिक उपयोगाची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने नंदुरबार, गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यांसाठी उपग्रहावरून इंटरनेट देण्याबाबत स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. पण आम्ही सध्या टॉवरवरच भिस्त ठेवली आहे.

टॉवर समोरच्या डोंगरावर दिसतो आणि घरात मात्र रेंज नसते, याचे कारण पुष्कळदा डोक्यावरचे पत्रे असतात. धातूच्या पत्र्यातून रेडिओलहरी जात नाहीत. कुडाची, मातीची भिंत फारशी आड येत नाही. म्हणून बोलायला माणसे अंगणात येतात. यावरचा उपाय घराबाहेर करायचा. पंधरा-वीस फुटांच्या लोखंडी नळावर, पत्र्याच्या वर, टॉवरकडे तोंड करून बाहेर लावायचा फोर-जी राउटर बसवायचा. त्यातून एकच केबल घरात येते. तीच इंटरनेट आणते आणि तीच वर वीज नेते. ती १०० मीटरपर्यंत लांब चालते, त्यामुळे घर खोलगट जागी असले तरी राउटर वरच्या टेकाडावर ठेवता येतो.

दिशा ठरवायला घाई करू नये. राउटरच्या पानावर सिग्नलची ताकद वजा आकड्यात दिसते. वजा ८० म्हणजे उत्तम, वजा १०० म्हणजे चालण्यासारखे, वजा ११० च्या पुढे गेले की व्हिडिओ तर सोडाच, अर्जाचे पानही उघडत नाही. एकाने नळ थोडा थोडा फिरवायचा, दुसऱ्याने आकडा वाचायचा. आमच्या मुलांनी हे काम एका दुपारी केले, आणि सगळ्यांत चांगला आकडा आला तो दिसणाऱ्या टॉवरकडे नव्हे, मागच्या खिंडीतून येणाऱ्या दूरच्या टॉवरकडे.  म्हणून सिम घेण्यापूर्वी त्या जागी उभे राहून सगळ्या कंपन्यांची सिमे फोनमध्ये घालून पाहावीत. दुकानातला नकाशा हिरवा दिसतो, डोंगर नकाशात दिसत नाही.

विजेचे काय? राउटर साधारण बारा व्होल्टवर चालतो आणि फार थोडी वीज खातो. राउटरसाठीचा छोटा बॅटरीसंच मिळतो, तो वीज गेल्यावर दोन-चार तास ओढतो. पण सौर बॅटरीला राउटर सरळ जोडू नये. बारा व्होल्टची म्हणवणारी बॅटरी चार्ज होताना चौदाच्या वर जाते आणि राउटर जळतो. इथेही मधे नियंत्रक हवा. आणि वळिवाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, विजा कडाडू लागल्या की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे. उंच लोखंडी नळाला जमिनीत अर्थिंग असलेच पाहिजे. ते पैसे वाचवण्याची जागा नाही.

खाली तालुक्याच्या गावी, जिथे फायबर आहे, तिथल्या आमच्या कार्यकर्त्यांच्या घरी गोष्ट सोपी आहे. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकू लागला तर बिघाड घरातला नाही, बाहेर तार तुटली किंवा दुमडली आहे. डबा बंद-चालू करत बसू नये, सरळ तक्रार नोंदवावी. दिवे सगळे हिरवे आणि तरीही इंटरनेट नाही, तर मग राउटर, पासवर्ड किंवा न भरलेले बिल. आमच्याकडे एका कंपनीचा माणूस तीन आठवडे ‘उद्या येतो’ म्हणत राहिला. अखेर लाल दिव्याचा फोटो तक्रारीला जोडून पाठवल्यावर आला. आणि ही तार काचेची असते, खिळ्याभोवती करकचून वळवू नये, दारात चेपू नये.

मुलांच्या काळजीचा प्रश्न उरला. वसतिगृहातला राउटर रात्री साडेनऊला बंद होतो. संगणक अभ्यासिकेत उघड्यावर आहेत, खोल्यांत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ती अभ्यासिका पाड्यांवरच्या लोकांसाठी उघडी असते. बाजाराला आलेल्या काकी-मावश्या टोपली दारात ठेवून आत येतात आणि अकरावी-बारावीची मुले त्यांचे अर्ज भरून देतात. मूल नियम शिकते तेही असेच: दुसऱ्याचा आधार क्रमांक वहीत उतरवायचा नाही, फोटो काढायचा नाही, काम झाले की पान बंद करायचे. एखादी काकी पावरीत बोलते, पडद्यावर मराठी असते, चुकीची सूचना इंग्रजीत येते, आणि मधे बसलेला मुलगा तिन्ही भाषा सांभाळतो. ते बघायला आपण एकदा जरूर यावे.

आता ज्यांच्या घरी कपाटात जुना फोन पडून आहे त्यांच्यासाठी.

काच थोडी तडकलेली चालेल, फुगलेली बॅटरी चालणार नाही. फोन फोर-जीचा हवा आणि त्यावर फोर-जीतून बोलता आले पाहिजे, ज्याला व्होल्टी म्हणतात. थ्री-जीचे जुने फोन, कितीही महागाचे असले तरी, इथे उपयोगाचे नाहीत. अँड्रॉइड पाचच्या आधीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, आणि बँकांची अ‍ॅप्स तर त्याहून नवे मागतात. शक्य असेल तर फोनच्या माहितीत ‘बँड २८’ आहे का पाहा. बीएसएनएलचे फोर-जी ७०० मेगाहर्ट्झवरही येते, ते डोंगराळ भागात लांबवर पोहोचते, पण सगळेच जुने फोन ते पकडू शकत नाहीत. हा बँड असलेला साधा फोन आम्हाला नसलेल्या भारी फोनपेक्षा मोलाचा.

सगळ्यांत जास्त फोन वाया जातात ते एका कारणाने. देणारा प्रेमाने फोनमधले सगळे पुसून देतो, पण आपले गूगल खाते आधी काढत नाही. मग इथे फोन सुरू केला की तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि पुढे जात नाही. चोराला अडवण्यासाठी केलेले कुलूप दानशूराच्या फोनलाही लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आपले फोटो आणि क्रमांक नव्या फोनवर घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे लॉक आणि गूगल खाते काढा. त्यानंतर सेटिंगमधूनच फॅक्टरी रिसेट करा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा. रिसेट झाल्यावर एकदा स्वतःच सुरू करून पाहा. पासवर्ड न मागता नमस्काराचे पहिले पान आले तर फोन देण्याजोगा झाला. आपले सिम आणि मेमरी कार्ड काढलेत ना, तेही पाहा.

खरेदीची पावती सापडली तर सोबत द्या, नसेल तर आयएमईआय क्रमांक लिहिलेली आणि आपली सही असलेली चिठ्ठी चालेल. फोन दुसऱ्या कोणाकडून घेतलेला असेल तर इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय क्रमांक लिहावा आणि १४४२२ वर संदेश पाठवावा. तो बंद केलेल्या फोनांच्या यादीत आहे का ते कळते. फोन पोस्टाने पाठवू नका, बॅटरीमुळे पार्सल अडते. आपल्या मंडळीच्या कार्यालयात पाकिटावर नाव लिहून ठेवा, आमचा कार्यकर्ता तिमाही फेरीत घेऊन जाईल. आणि चार्जर असेल तर तो विसरू नका. इथे फोनइतकीच चणचण चांगल्या केबलची आहे.